लाकडी विमानाची वाचा

"वसंतराव, माझं ऐकू येत असेल तर पंख हलवा."

वरच्या विमानाने पंख हलवले. आधी डावा खाली, मग उजवा.

"तुम्ही बोलताय का? बोलत असाल तर हलवा."

पुन्हा पंख हलले.

"आम्हाला इथे एक अक्षर ऐकू येत नाहीये. कळलं का?"

या खेपेला पंख जरा जोरातच हलले. विमान रागावलेलं खालूनही कळतं, हे मला त्या दिवशी समजलं.

माझ्या शेजारी अनुसयाबाई उभ्या होत्या, वसंतरावांच्या पत्नी. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून त्या आभाळाकडे बघून नुसत्याच म्हणाल्या, "अवो, काहीच ऐकू नाई येऊन राह्यलं. या आता खाली. भात थंडा होऊन राह्यला."

विमान खाली आलं.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा एकच होता, गडचिरोली त्यातलाच एक तालुका. मी नागपूरला सरकारी नोकरीत वायरलेस मेकॅनिक होतो. वसंतराव चिल्लावार आणि मी लढाईच्या काळात हवाई दलात एकत्र होतो. ते इंजिनं बघायचे, मी रेडिओ. लढाई संपल्यावर ते बल्लारशाजवळ आपल्या गावी आले आणि वडिलांच्या आरा मशीनवर लाकडं चिरू लागले. पण विमान डोक्यातून गेलं नव्हतं. लढाईतला उरलेला माल तेव्हा डिस्पोजलमध्ये विकायला निघायचा. तिथून त्यांनी एक लहान इंजिन आणलं, चाकं आणली, रेडिओचे दोन सेट आणले, एक विमानाला, एक जमिनीवर, आणि विमान बांधायला घेतलं. सांगाडा शिवणीच्या लाकडाचा, कारण ते हलकं. आजूबाजूला एवढा सागवान, पण तो जड पडतो. सांगाड्यावर कापड ताणलं होतं. ते सगळं कापड अनुसयाबाईंनी घरच्या मशीनवर शिवलं होतं.

विमान उडत होतं, ही सगळ्यांच्या दृष्टीने आश्चर्याची गोष्ट. पण मंजुरीसाठी विमान खात्याचे इन्स्पेक्टर येणार होते आणि त्यांची अट साफ होती. वरून रेडिओवर बोललेलं खाली ऐकू आलं पाहिजे. नाहीतर विमान जमिनीवर. वसंतरावांचे वडील तात्याजी तर वाटच बघत होते. "उडालं नाई तं त्याच्या दोन खाटा निंगतीन," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. म्हणून दिवाळीच्या रजेत मला बोलावणं आलं.

वसंतराव विमानातून उतरले तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

"मी वरून बोंबलून राह्यलो, भाऊ! एवढ्या जोरात बोललो का रेडिओ नसता तरी ऐकू आलं असतं!"

"नाही आलं."

"मंग तुमचे कान तपासा."

मी विमान जागेवर नेऊन लावायला सांगितलं. गावाबाहेरच्या माळावर, आरा मशीनच्या शेडजवळ, त्याची ठरलेली जागा होती. मी खालचा सेट घेऊन माळाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. "बोला!" म्हणून हात केला. आवाज असा आला की जणू वसंतराव माझ्या खांद्यावर बसून बोलताहेत.

जमिनीवर पोपटासारखा बोलणारा आणि आभाळात मुका होणारा रेडिओ. मेकॅनिकच्या आयुष्यात याच्याइतकं वाईट काही नाही. बिघाड हाताशी असला तर पकडता येतो. हा बिघाड माणूस खाली उतरला की पळून जात होता.

मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पहिला संशय बॅटरीवर. बोलताना सेटला ऐकण्यापेक्षा बरीच जास्त वीज लागते, त्यामुळे बॅटरी अशक्त असली तर ऐकू येतं पण बोलता येत नाही. बॅटरी ठणठणीत निघाली. दुसरा संशय इंजिनच्या हादऱ्यावर. एखादी वायर ढिली असेल, वर गेल्यावर सुटत असेल. इंजिन जोरात चालू करून बघितलं. सगळं विमान थरथरलं, माझे दात वाजले, पण आवाज स्वच्छ. तिसरा संशय माईकवर. त्या काळच्या माईकमध्ये कोळशाचे बारीक कण असत. दमट हवेत ते एकमेकांना चिकटले की आवाज दबतो. माईक बदलला. विमान पुन्हा वर गेलं. पुन्हा मुकं.

एव्हाना रोज माळावर गाव जमू लागलं होतं आणि प्रत्येकाकडे कारण तयार होतं. एक म्हातारेबुवा म्हणाले, जंगलावरून बोललं की सागाची पानं आवाज पिऊन टाकतात. त्यांना मी विचारलं, मग खालून बोललेलं वर कसं पोचतं? ते म्हणाले, "तुमचा आवाज हलका असंन."

वसंतराव अर्ध्या ताटावरून उठू लागले. अनुसयाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, यायची तब्येत बिघडंन अशानं. तुमी त्या डब्ब्यातलं काई बी काढा, काई बी घाला, पण बोलता करा त्याले."

इन्स्पेक्टर यायला थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा तात्याजींनी मदत केली. अर्थात मदत करायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. पाऊस संपला होता तरी माळ अजून ओला होता, चाकं चिखलात रुतायची. म्हणून विमानाच्या जागेवर वसंतरावांनी शेडचे जुने पत्रे अंथरले होते. त्या दिवशी सकाळी तात्याजी माणसं घेऊन आले.

"माझे पत्रे मले पायजेत. लाकडं उघडी पडून राह्यली अन् याचं खेळणं पत्र्यावर बसून हाये! उचला रे!"

विमान बाजूला ढकललं, पत्रे गेले. वसंतराव वडिलांशी भांडून थकले. मी रोजच्यासारखा सेट घेऊन माळाच्या टोकाला गेलो आणि हात केला. वसंतरावांचं तोंड हलताना दिसलं. सेटमधून चूं की चां नाही.

मी तिथेच धोतराचा काचा सावरून नाचलो. वसंतराव धावत आले.

"काऊन नाचून राह्यले भाऊ तुमी? आता तं खाली बी बंद पडला!"

"म्हणूनच! आता सापडला!"

पत्रे परत मागवले. तात्याजी ऐकेनात, तेव्हा अनुसयाबाईंनी सासऱ्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि तो संपेपर्यंत चार माणसांनी पत्रे विमानाखाली आणून टाकले. आवाज सुरू. काढले, आवाज बंद.

कारण सोपं होतं, आणि मला लाज वाटावी इतकं जुनं होतं. रेडिओची एरियल म्हणजे विमानाच्या पाठीवर उभी असलेली एक धातूची काठी. पण नुसती काठी आलेला आवाज झेलते, आपला लांब फेकू शकत नाही. माणसाला दगड लांब फेकायचा तर पायाखाली घट्ट जमीन लागते, दलदलीत उभं राहून दगड जात नाही. तसंच एरियलच्या खाली धातूचं पसरट अंग लागतं. लढाईतली आमची विमानं धातूची होती, त्यामुळे ती सोय आपोआप व्हायची आणि आम्हाला कधी विचार करावा लागला नाही. वसंतरावांचं विमान लाकूड आणि कापड. त्याच्या शेपटीखालचा लोखंडी पाय रेडिओच्या वायरिंगला जोडलेला होता. तो पाय पत्र्यावर टेकला की पत्रे विमानाचं धातूचं अंग व्हायचे. विमान उडालं की पत्रे खाली आणि आवाज गायब.

म्हणजे विमानाच्या आत, एरियलखाली, धातू पसरायला हवा होता. पत्रा जड. बारीक जाळी चालली असती. पण आडगावात पितळी जाळी कुठून आणायची?

घरी आल्यावर वसंतरावांनी आणि मी एकाच वेळी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे दूधदुभत्याचं जाळीचं कपाट होतं. नवंकोरं, नागपूरहून आणलेलं.

अनुसयाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माह्या कपाटाले हात नाई लावाचा."

"अगं, मंजुरी..."

"पंखाचं कापड मी शिवलं. आता जाळी बी माही. अन् या विमानात मले तं कोणी एक डाव बसवलं नाई." त्यांनी दाराची चौकट धरली. "मंजुरी भेटल्यावर पयलं मले बसवान तं घ्या."

वसंतराव लगेच हो म्हणाले. मांजराला मात्र त्या दिवसापासून दूधदुभतं फार सोयीचं झालं.

जाळी एरियलखाली बसवली, कडा डाग देऊन जोडल्या. विमान वर गेलं आणि सेटमधून खणखणीत आवाज आला, "ऐकू येऊन राह्यलं का?" माळावर एकच ओरडा झाला.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेब आले. मुंबईकडचे, मितभाषी, कडक इस्त्रीचे. त्यांनी सगळं विमान हाताने चाचपून बघितलं आणि वसंतरावांना विचारलं, "उडताना काही त्रास?"

"काहीच नाई, साहेब. एकदम सरळ जाते."

विमान उडालं. आवाज आला. "विमान वर आलं. सगळं ठीक आहे." पुस्तकी मराठी, साहेबांसाठी. साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

बोलायचं बटण दाबलं की आपला आवाज जातो, पण तोवर समोरचं ऐकू येत नाही. सोडलं की ऐकू येतं. वसंतरावांना विमान उडवायला दोन्ही हात हवे होते. आज बोलण्यात कसूर नको, म्हणून त्यांनी बटण चिंधीने करकचून बांधून ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की वाक्य संपलं आणि आवाज संपला नाही.

आधी गुणगुणणं आलं. बेसूर. मग वसंतराव आपल्याशीच बोलू लागले.

"आता तो मुंबईचा भैताड खाली टोपी धरून उभा असंन. त्याले काय कळते विमानातलं."

मी माईक तोंडाशी धरून ओरडलो, "वसंतराव, बटण सोडा!" पण त्यांना ऐकू येणार कसं?

साहेबांनी शांतपणे मला विचारलं, "भैताड म्हणजे?"

"साहेब... इकडे... अनुभवी माणसाला म्हणतात."

भैताड म्हणजे बावळट हे पक्कं ठाऊक असलेल्या गावाने मागे तोंडं फिरवली. वरून पुढे चालूच. "आज बी डावीकडे ओढून राह्यलं लेकाचं. बरं झालं साहेबाले नाई सांगितलं." साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"पण अनुसयेचा एक टाका नाई उसवला. एवढ्या वाऱ्यात एक नाई. तिच्या हातासारखं काम फॅक्टरीत बी होत नाई."

अनुसयाबाईंनी पदर ओढून घेतला आणि त्या आरा मशीनकडे बघत राहिल्या. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. मला वाटतं हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. तेही गावासोबत.

वसंतराव हसत हसत उतरले. "आलं का ऐकू, साहेब?"

"शब्द न् शब्द," साहेब म्हणाले. "रेडिओ पास. विमान नापास. ते डावीकडे ओढतंय, ते नीट करा, मग मी पुन्हा येतो. भैताड माणूस आहे, पण येतो."

वसंतरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

डावा पंख किंचित वाकडा बसला होता. तो सरळ करून घेतला. साहेब खरंच पुन्हा आले आणि मंजुरी मिळाली. पहिल्या फेरीला अनुसयाबाई बसल्या. उतरल्यावर कसं वाटलं विचारलं, तर म्हणाल्या, "वरून आपली शेड लय घाण दिसते."

त्यानंतर नोकरीत मी शेकड्यांनी रेडिओ दुरुस्त केले. काम झालं की न्यायला आलेल्या माणसाला एवढंच सांगायचो: सेट आता चांगला झालाय, तेव्हा जपून बोला.