चष्मेवालीचा चौथरा

आमच्या ह्यांना सगळे भुसा मास्तर म्हणतात. मेलेल्या जनावराचं कातडं सोलायचं, आत तारा नि भुसा भरायचा, काचेचे डोळे बसवायचे आणि ते उभं करायचं, हा ह्यांचा धंदा. हात सोन्याचे आहेत, नाही कशाला म्हणू? काळजाचं मात्र मला विचारू नका.

संग्रहालयाच्या साहेबांनी जगभरातल्या अस्वलांचं दालन काढायचं ठरवलं. दारातच गुहेतल्या अस्वलाचा सांगाडा, ती जात कधीच संपली. पुढे आज हयात असलेल्या आठही जाती. पांढरं, तपकिरी, काळं, अशी सात ह्यांनी भरून उभी केली. आठवा चौथरा रिकामाच. तो चष्मेवालीचा. डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिकट पट्टे असलेली ती म्हातारी संग्रहालयामागच्या प्राणीबागेत होती. जिवंत!

"सोललं की कातडं ताणतं," हे म्हणायचे. "खरं माप जिवंतपणीच घ्यायचं."

म्हणून मी रताळी उकडून द्यायची आणि हे टेप घेऊन पिंजऱ्यापाशी जायचे. ह्यांनी हात वर धरला की चष्मेवाली मागच्या पायांवर उभी राहायची, पंजे उंचावून आ वासायची. एका हाताने रताळं तोंडात टाकायचं, दुसऱ्याने टेप लावायची. पुढे पुढे तर ह्यांच्या चपलांचा आवाज आला तरी उभी राहायची, वेडी कुठली! रखवालदाराच्या हातचं खाईनाशी झाली. हे घरी येऊन तिचं कौतुक सांगायचे, हसायचेसुद्धा. मी म्हणायचे, सवतच आणलीत की मला. मनात वाटायचं, चला, दगडाला पाझर फुटला.

उद्घाटनाची पत्रिका छापून झाली, तरी म्हातारी धडधाकट. साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "उद्या रताळ्यांना मधोमध चीर देऊन ठेव. औषध भरायचंय."

"कसलं औषध?"

ह्यांनी चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या.

"अहो, तुमच्या हातचं खाते ती!"

"म्हणून तर मला सांगितलंय. दुसऱ्याच्या हातचं खाणार नाही."

"दारातलं ते गुहेतलं अस्वल तरी आपल्या मरणाने गेलं असेल. हिला कशाला मारता?"

"उगाच ताणू नकोस. म्हातारी झालीय, आज ना उद्या जायचीच."

मी पातेलं आदळलं, रडले, शेवटी पाया पडले. ह्यांनी मला ओलांडून स्वतःच शेगडी पेटवली.

उद्घाटनाला मी गेले. राहवेना. चष्मेवाली चौथऱ्यावर उभी होती, पंजे वर, तोंड उघडं. पोरं किंचाळून आयांना बिलगत होती. साहेब पाहुण्यांना सांगत होते, "बघा, अगदी हल्ल्याच्या पवित्र्यात!"

हल्ला कसला मेल्यांनो, रताळं मागतेय ती! मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी मान खाली घालतील.

"माप बिनचूक बसलं," हे म्हणाले.

साहेबांनी ह्यांची पाठ थोपटली. "मास्तर, हिच्या पायाशी एक पिल्लू शोभेल. बागेत नवीन आलंय ना?"

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून आले आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत रताळी होती.

"नीट कुस्करून दे," हे म्हणाले. "त्याला अजून दात आलेले नाहीत."