मंदाताई, सुतकात सही केली गं

सगळ्यांत आधी नितीन आला आणि बूट काढता काढताच म्हणाला, "आजी, आईचा घर विकला."

मंदाताईचा मुलगा हा. त्याच्या लेकीचं ऐकून तोही मला आजीच म्हणतो. ब्रिस्टलला असतो, विमानांच्या कारखान्यात. जन्म इथला, त्यामुळे मराठी धडपडत बोलतो. पण बोलतो हो.

मागून त्याची छोटी आणि बायको, बायकोच्या हातात केक. वर्षश्राद्धाला केक! पण असू दे. मंदाताईला आवडायचा.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

माझी नात रिया टाइप करतेय, मी नुसती बोलतेय. मी चौथीपर्यंत शिकलेली. माझं अक्षर मलाच लागत नाही.

तर ऐका.

मी बर्मिंगहॅमला आले तेव्हा माझ्या मुलाच्या, संजयच्या डोक्यावर तीन क्रेडिट कार्डं आणि एक लोन होतं. ह्यांच्या आजारपणात पुण्याच्या हॉस्पिटलची बिलं त्याने इथल्या कार्डावर भरली.

हे राहिले नाहीत. बिलं राहिली.

त्यात सुनेला, वैशालीला, स्वतःचं घर हवं. हवंच की! भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचीसुद्धा चोरी. पण कर्ज फेडायचं, भाडं भरायचं, आणि वर घर घ्यायला डिपॉझिट साठवायचं कशातून?

दुपारी घरी मी एकटी. फोन वाजला की तेच. पैसे मागणारी माणसं. मी रिसीव्हर उचलायचे आणि श्वाससुद्धा घ्यायचे नाही.

पोस्टमन आला तरी मी पडद्यामागे.

मंदाताई मला बसस्टॉपवर भेटली. माझ्या पिशवीतली मेथी बघून म्हणाली, "मराठी का हो तुम्ही? ही मेथी कितीला लावली त्या लबाडाने?"

अशी ओळख.

एक दिवस चहाला आली आणि फोन वाजला. माझा चेहरा पांढराफटक. तिने सरळ उचलला आणि तिच्या इंग्लिशमध्ये दणकून सांगितलं, की तो कामावर गेलाय, तुमचेच पैसे कमवायला. सहाला करा.

खाडकन ठेवला.

मग माझ्याकडे वळून, "किती आहे?"

मी सांगितलं. परक्या बाईला सांगितलं. माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. भाडं घेणार, मी काही संतबिंत नाही. पण निम्मं घेईन. एकटीला जिना चढायची भीती वाटते मला."

तिची भीती आणि आमची भीती एका घरात राहायला लागल्या.

एकेक कार्ड फिटलं की मंदाताई ते किचनच्या कात्रीने कापायची आणि शिरा करायची. संजय म्हणायचा, "मावशी, तूप जरा बेताने." ती म्हणायची, "गप रे. कर्ज मेलंय, गोड नको?"

तिन्ही कार्डं गेली. लोन फिटलं. मग साठायला लागलं.

मागच्या वर्षी घर मिळालं. साधंच, टेरेसमधलं, म्हणजे रांगेत भिंतीला भिंत लागून, मागे चिमूटभर बाग. सॉलिसिटरकडे सह्यांचा दिवस ठरला.

आणि त्याच आठवड्यात मंदाताई सकाळी उठलीच नाही.

इथे मयतालासुद्धा अपॉइंटमेंट लागते. क्रिमेटोरियमची तारीख मिळाली ती सह्यांच्या नंतरची.

म्हणजे बाई अजून अग्नीला गेलेली नाही, आणि आपण घर घ्यायचं?

मी संजयला सांगितलं, "सही करायची नाही. रक्ताचं नातं नसेल, पण तिच्या ताटातलं जेवलोय. सुतक आहे आपल्याला."

तो म्हणाला, "आई, घर विकणारा थांबणार नाही. बँक आत्ता देतेय, नंतर देईल का माहीत नाही. सगळ्या बँका हात आखडतायत."

वैशाली रडायला लागली.

खरं सांगू? मला दोन्हीकडून भीती. सही केली तर अपशकुन. नाही केली तर घर गेलं. आणि नितीनने हे घर विकायला काढलं तर आम्ही चौघं जायचं कुठे?

तेवढ्यात नितीनच किचनमध्ये आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आजी, सुतक कोणाला? मला ना? माझा आई ना? मग मी सांगतो. जा, साइन करा."

"अरे पण बाळा..."

"आई वरून खाली येईल आणि पहिला तुम्हाला ओरडेल. चल संजयदादा, मी ड्राइव्ह करतो."

आईचं प्रेत अजून तिकडे, आणि पोरगा आमच्या घरासाठी गाडी काढतोय.

ते येईपर्यंत मी देवापुढे नाही, जिन्यावर बसून होते. सुतकात देवाला तरी काय तोंड दाखवायचं?

संजय आला. म्हणाला, "झालं."

मी विचारलं, "पेन कोणाचं होतं?"

"त्या सॉलिसिटरचंच, आई."

म्हटलं, बरं झालं. तेवढं तरी आपलं नव्हतं.

चावी मिळाली. खिळे मारले, भरपूर मारले! पण भीती जात नाही हो. हिवाळ्यात घर तापवणारा बॉयलर बंद पडला, मला वाटलं सुतक बाधलं. संजयच्या कंपनीत आता आठवड्याला चारच दिवस काम, परत तेच वाटलं. हप्त्याचा दिवस जवळ आला की मी अजून मोजून जेवते.

आज धीर करून नितीनला सगळं सांगितलं. तो केक खात म्हणाला, "आजी, बॉयलर जुना होता. आणि काम सगळ्यांचा कमी झालाय. माझा पण."

त्याचंही काम कमी झालंय. आणि तरी तो मला हसवत होता.

मग मी शिरा केला. बेताने नाही, तूप सुटेपर्यंत.

मंदाताई, पुढचं काही माहीत नाही. पण आज आम्ही चौघं आपल्या छपराखाली आहोत. एवढं तुझ्या कानावर घालायचं होतं.

नमस्कार गं बाई. सुखात राहा.

नितीन, बायको आणि छोटी बँक हॉलिडेच्या, म्हणजे सुट्टीच्या सोमवारी परत येतायत. मुक्कामाला.