दुबईच्या फ्लॅटवर पाच नावं

आमच्या आबांना कशावरही एकट्याचं नाव बघवत नाही. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी छापून घेतली तेव्हा तिच्यावर आमंत्रण देणाऱ्यांची एक्याऐंशी नावं होती. चुलते, मामा, आत्या, त्यांचे जावई, कडेवरची पोरं, झाडून सगळे. त्या गर्दीत नवरा-नवरी शोधायला माझ्या सासऱ्यांना चष्मा लावावा लागला. "एकाचा नाव राहिला का रुसवा येतो, नि रुसवा आला का घर फुटता," हे माझ्या वडिलांचं ठाम मत.

आबा म्हणजे काळुराम भोईर, वय सदुसष्ट, राहणार शहाडजवळ उल्हास नदीकाठचं आमचं गाव. गाव म्हणायचं ते आता सवयीनं. भाताच्या खाचरांवर वीस-वीस मजली इमारती झाल्यात. आबा रोज सकाळी पांढराशुभ्र शर्ट घालून त्यातल्या एकीच्या गेटवर जातात, वॉचमनची खुर्ची बळकावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की जिथे लिफ्ट आहे तिथे आमची विहीर होती. ऐकणाऱ्याला ऑफिसला उशीर होत असतो, पण आबांना त्याचं काही नाही. मी रुपाली, त्यांची थोरली. कल्याणच्या कोर्टात वकिली करते, आणि जमिनीची जुनी कागदपत्रं तपासणं हेच माझ्या पोटापाण्याचं काम. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी जी शोभा झाली ती नीट कळेल.

धाकटा भाऊ मयूर बारा वर्षं दुबईत आहे. एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी, बायको तिथेच, मुलगी कृतिका तिथल्या शाळेत दहावीला. तिकडे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोडी मुदत मिळते, आणि मग गाशा गुंडाळायचा. गेल्या वर्षी कंपनी विकली जाणार अशी कुजबुज सुरू झाली आणि मयूरची झोप उडाली. तिकडे ठरावीक किमतीच्या वरचं घर विकत घेतलं तर नोकरीशिवायही राहता येतं, हे त्यानं आबांना फोनवर चार वेळा समजावलं. आबांनी हायवेलगतचा शेवटचा तुकडा विकायला काढला. आई, म्हणजे आमची शालूबाई, दोन दिवस बोलली नाही. आबा म्हणाले, "ज्याच्यासाठी राखला तो तिकडं. मग तुकडा हितं ठेवून मी काय त्याची पूजा करू?"

ठाण्याला दुबईतली घरं विकणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात आम्ही गेलो. हर्षित नावाचा मुलगा, गोड बोलणारा, पण कामाला पक्का. त्यानं आधीच सांगितलं होतं, "काका, एकट्या मयूरभाईंच्या नावावर घ्या. सगळं क्लीन राहतं." आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं पंगतीतून कुणाला उठवायला सांगितलंय.

"आमचे सातबाऱ्यावर एकट्याचा नाव कवाच नव्हता. पाच नावां टाक. माजा, हिचा, मयूरचा, रुपालीचा नि मंजुलाचा. सारखे हिस्से."

मंजुळा माझी आत्या, आबांची एकुलती बहीण, डोंबिवलीला राहते. तिचं नाव ऐकून आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमची पहिली जमीन विकली गेली तेव्हा आबांनी आत्याकडून हक्कसोड लिहून घेतली होती. आमच्याकडे सगळ्याच बहिणी लिहून देतात. बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडायचा, साडी घ्यायची आणि घरी जायचं. आत्यानंही तेच केलं. फक्त त्यानंतर ती माहेरी कधी राहिली नाही. लग्नाला, बाराव्याला यायची, पाणी प्यायची आणि दिवस मावळायच्या आत निघायची. भांडण नाही, तंटा नाही. आबांना ते किती लागलं होतं, ते त्या ठाण्याच्या एसी ऑफिसात पहिल्यांदा कळलं.

हर्षितनं पुन्हा एकदा तोंड उघडलं होतं, "काका, पण रेसिडेन्सीचा अर्ज करताना..." आणि इथे मी, एवढी कागद वाचणारी वकीलबाई, त्याला म्हणाले, "राहू दे रे, ते म्हणतात तसं कर." खरं सांगते, वडिलांच्या तोंडून हिस्सेदार म्हणून स्वतःचं नाव ऐकलं आणि पुढचं एक अक्षर मी वाचलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या बहिणींच्या हक्कसोडी चाळणारी मी, मला कोण आनंद झाला होता! मुलानं सिंगापूर सहलीसाठी काढून दिलेला पासपोर्ट आत्यानं दिला, सह्या केल्या, आणि त्या वर्षी गौरीला चक्क दोन दिवस माहेरी राहिली. आबा मात्र लाजल्यासारखे ते दोन्ही दिवस गेटवरच बसून होते.

पुढे व्हायचं तेच झालं. नोव्हेंबरात मयूरला नोटीस मिळाली, डिसेंबरअखेर नोकरी बंद. त्यानं घराच्या जोरावर राहण्याचा अर्ज केला आणि तो अर्ज नामंजूर झाला. किंमत बघताना ते अर्जदाराचा हिस्सा बघतात. आमचं घर मर्यादेच्या वर होतं, पण मयूरच्या वाट्याला आलेला पाचवा भाग तिच्या जवळपासही नव्हता. एका घराचे पाच मालक, आणि परवाना एकालाही नाही! नोकरीनंतरची मुदत संपत होती ऐन कृतिकाच्या परीक्षेत.

मयूर फोनवर ओरडला नाही. नुसता म्हणाला, "ताई, तू पण बघितलं नाहीस?" त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

उपाय होता, आणि सोपा होता. आम्ही चौघांनी आपापला हिस्सा मयूरच्या नावावर करून द्यायचा. आईनं लगेच विचारलं, "सही कुठं करू?" मीही तयार होते. थोडं टोचलं, नाही कशाला म्हणू, पण कृतिकाच्या परीक्षेपुढे माझ्या हौसेची काय किंमत? प्रश्न आत्याचा होता.

आबा गेटवर जायचे बंद झाले. "एकदा तिच्याकडून घेतला. मंग दिला. आता पुन्यांदा घेऊ? कंच्या तोंडानं?" आठ दिवस हेच. मी म्हणाले, मी जाते, आत्याला समजावते. त्यावर भडकले, "वकील धाडू तिचेकडं? माजे बहिनीकडं?" नवव्या दिवशी मयूरचा मेसेज आला की आता उशीर केला तर कागद वेळेत पोचणार नाहीत. आबा उठले, शर्ट घातला आणि म्हणाले, "गारी काढ."

डोंबिवलीला उतरताना त्यांच्या हातात दुकानाची पिशवी दिसली. आत पैठणी होती. मी पिशवी ओढूनच घेतली. "आबा, ही घेऊन वर गेलात तर मी इथूनच परत फिरेन." पैठणी गाडीतच राहिली.

वर गेल्यावर आबा पाणी प्यायले. मग त्यांनी पंख्याचं कौतुक केलं, आत्याच्या सुनेची चौकशी केली, सोसायटीत पाणी किती वाजता येतं तेही विचारलं. आत्या सगळ्याची उत्तरं देत होती. माझा जीव टांगणीला. शेवटी आबा फरशीकडे बघत म्हणाले,

"मंजुला, तुजा नाव मीच लावला, नि आता तोच काढायला आलू. मयूरची पोर तिकडं अडकली. तू ‘नाय’ बोललीस तरी मना राग नाय."

एकदम आत्याचा आवाज चढला. "त्या वक्ताला तू मना इचारला होतास? तहसीलदाराचे टेबलावर कागद ठेवला नि बोललास, हितं सही कर. मी केली. जमिनीचा मना वाईट वाटला नाय, दादा. बापाची जमीन तूच नांगरलीस. पन एक सबूद इचारला नाय तू. जशी मी कुनी नव्हतीच."

आबांनी मान वर केली नाही. आत्यानं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून दमात घेतल्यासारखं विचारलं, "कवा जायचा सहीला? सांग ना गो. पोरीची परीक्षा हाय ना?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीही. आबा मात्र "काम हाय" म्हणत चहा न घेताच जिना उतरले.

नंतरचं सगळं पळापळीचं. मुंबईला जाऊन सह्या, शिक्के, तिकडची नोंदणी, पुन्हा अर्ज. या वेळी मी प्रत्येक पान दोनदा वाचलं आणि हर्षितला इतके प्रश्न विचारले की तो माझा फोन उचलायला घाबरू लागला. जानेवारीच्या शेवटी मी कोर्टाच्या कँटीनमध्ये असताना मयूरचा फोन आला. "ताई, झालं." एवढंच. मी तिथेच खुर्चीत बसून मोकळेपणी रडले. वेटरनं न सांगता चहा आणून ठेवला. केस हरले असं वाटलं असणार त्याला.

घरी आबांनी तीनदा विचारलं, "झाला? नक्की झाला?" आणि दुपारी पंख्याखाली जे झोपले ते दिवेलागणीला उठले. दोन महिन्यांची झोप होती ती. आई म्हणाली, घोरू दे, आज मला त्याचा त्रास नाही.

रविवारी आम्ही पेढे घेऊन आत्याकडे गेलो. या वेळी आबांना कसली घाई नव्हती. आत्यानं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. दोघं जेवत बसले, आणि लहानपणी नदीत कोण बुडता बुडता वाचलं यावर तावातावानं भांडले. निघायला संध्याकाळ झाली. कल्याणच्या पत्री पुलाजवळ गाडी अडकली तेव्हा आबा म्हणाले,

"रुपाली, इतकी वर्सां तिचे समोर बसलू, पन तिचे तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती माजी. आज जेवताना नीट बघला."

"मग?"

"सगले केस पांढरे झालेत गो तिचे," आबा म्हणाले. "कवा झाले?"