शकुनच्या साती आसरा

अकोटच्या उत्तरेला कपाशीची शेतं संपून सागाचं रान सुरू होतं, तिथे उंबरडोह आहे. उन्हाळ्यातही गळ्याइतकं पाणी, तळाचे गोटे दिसावेत इतकं निवळ. रान राखीव, पण डोहात पोहायला मुभा होती. साबण लावायचा नाही, पायवाट सोडायची नाही, नेलेलं सगळं परत आणायचं, एवढंच. तसा फलकही होता. लोक त्याला टेकून फोटो काढत.

शकुनचं घर माळ्याचं. टेकडीच्या पायथ्याशी झेंडू-शेवंतीचा मळा, हार विकायला अकोटला. पोहायला ती या डोहातच शिकली, आणि पन्नाशी उलटली तरी मळ्यातलं काम आटोपलं की पातळ खोचून सूर मारायची. अकोल्याहून आम्ही काही म्हाताऱ्या टेकडी चढायला जात असू. "काकू, कोरड्याच चालल्या काहून?" म्हणत ती मला पाण्यात ओढायची. तिची चैन म्हणाल तर ही एवढीच.

गर्दी वाढली तशा शाम्पूच्या पुड्या तरंगू लागल्या. शकुन भांडायची, लोक हसायचे. एकदा डोक्याला साबण फासून बसलेल्या एका बाईला तिने ठोकून दिलं की इथे साती आसरा राहतात, त्यांना फेस खपत नाही. पाण्यातल्या त्या सात देवतांची धास्ती वऱ्हाडात शिकल्यासवरल्यांनाही असते. बाई फेसासकट पळाली. मग शकुन येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगू लागली. मला ते पटलं नाही आणि मी तसं तोंडावर म्हटलं.

"काकू, बोर्ड कोनी वाचत नाई," ती म्हणाली. "आसराले मात्र सारे भेतात."

पुढचा उन्हाळाभर पाणी खरंच निवळ राहिलं.

पण आपल्याकडे भ्यायलेला माणूस नुसता लांब राहत नाही, ओटी घेऊन येतो. थेट अमरावतीहून गाड्या भरून बाया येऊ लागल्या. हिरव्या बांगड्या, लिंबं, खण, नारळ, सगळं प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात. बांगड्या खडकावर फुटत. शकुन रोज उतरून काचा वेचायची. एक दिवस तळव्यात खोल काच गेली, टाके पडले.

तेव्हापासून लंगडत लंगडत ती खरं सांगत सुटली. एकदा मी सोबत होते. सुनेला घेऊन आलेल्या एका सासूला तिने हात जोडले.

"मी खोटं बोलली होती वो माय. आसरा-बिसरा काई नाई इथं. टाकू नका."

बाईने तिच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. "असंच बोलल्या असान, म्हणून त कोपल्या तुमच्यावर," म्हणाली, आणि शकुनच्या नावाने दोन बांगड्या जास्तीच्या सोडल्या.

पावसाळ्यानंतर रानात एक सांबर मेलेलं सापडलं. पोटात ओटीच्या पिशव्या. वन खात्याने डोहाला कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. टेकडीची वाट तेवढी उघडी ठेवली. बरोबरच केलं. मला त्यात काही चूक दिसत नाही, म्हणूनच फार लागतं.

मागच्या चैत्रात आम्ही दोघी त्या फाटकाशी थांबलो. आत पाणी पुन्हा निवळलेलं होतं. शकुन फाटकातून पाण्याकडे पाहत होती. राखणीला संघपाल होता, तिच्याच गावचा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कुलूप काढलं.

"मावशी, जा. पटकन पोहून या. मी पाहून नाई राहिलो."

शकुनने चपला काढल्या. फाटकाला हात लावला. टेकडीच्या वाटेवरून माणसांचे आवाज येत होते. तिने वाटेकडे वळून पाहिलं.

"नको बापा," ती म्हणाली. "मले पान्यात कोनी पायलं, त म्हनतीन आसराईनं बाईले बोलावून घेतलं. पुन्हा ओट्या घेऊन येतीन सारे."

तिने चपला पायात घातल्या आणि संघपालला कुलूप लावायला सांगितलं.