लोटारचा टॉवेल

हार्टमुटने लोटारचा टॉवेल धुतला तो अगदी चांगल्या मनाने धुतला, आणि पंचाईत झाली ती त्यामुळेच. वाईट मनाने धुतला असता तर निदान चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

त्या आठवड्यात वसाहतीच्या धुलाईची पाळी त्याची होती. सॉनाघरातले टॉवेल हातगाडीवर रचून तो तळ्याकाठाने निघाला होता. वाटेत रोस्विताची कॅरॅव्हॅन. पुढे दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर लोटारचा निळा टॉवेल, मळून करडा झालेला. लोटार, तिचा नवरा, फेब्रुवारीत वारला. हार्टमुटला वाटलं, बिचारी एकटी कुठे कुठे बघणार! त्याने टॉवेल उचलला, मशीन नव्वद अंशांवर लावलं आणि लिंबाच्या वासाची पावडर जरा सढळ हातानेच ओतली.

रोस्विता पाव घेऊन परत आली तेव्हा खुर्चीवर टॉवेलची घडी होती, दुकानातल्यासारखी. तिने ती नाकाशी नेली आणि तशीच खाली गवतात बसली.

"कुणी केलं हे?"

"मी!" हार्टमुट म्हणाला. त्याला अजून शाबासकीची आशा होती. "कोपऱ्यातला तो डागसुद्धा गेला बघ."

"तो त्याच्या हातचा होता. सप्टेंबरात मासा खाऊन पुसलेला."

उत्तर जर्मनीत, मेक्लेनबुर्गमधल्या या तळ्यावर मे ते सप्टेंबर कुणी अंगावर कपडा घालत नाही. बाकी नियम म्हणाल तर एकच: बसायचं ते आपल्या टॉवेलवर, आणि दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचा नाही. नवराबायकोसुद्धा एकमेकांचा घेत नाहीत. नवीन येणाऱ्यांना हा नियम बोट नाचवत समजावून सांगायचा तो हार्टमुटच.

"घरात कधी एक कप विसळला नाहीस," त्याची बायको हाइडरून म्हणाली, "आणि अख्ख्या जन्मात आपण होऊन धुतलास तो नेमका लोटारचा टॉवेल! धन्य आहे बाबा तुझी."

रोस्विता जन्मभर कोट शिवत आली. रोस्टॉकच्या कारखान्यात तिच्याकडे फक्त बाह्या. लग्नानंतर लोटारने तिला पहिल्यांदा या तळ्यावर आणलं तेव्हा ती लाजेल म्हणून तो बिचारा आधी घसा खाकरून तयारी करत होता. ही तोवर पाण्यात. "आठवडाभर लोकांना झाकते," ती पाण्यातून ओरडली होती, "सुट्टीत मला कापड दिसता कामा नये!"

तेव्हापासून दोघं दर उन्हाळ्यात एका पिशवीत सगळा संसार घालून यायची. लोटारला या जगण्याचे फायदे सांगायला भारी आवडायचं. ओली चड्डी वाळत घालायला नको, अंगात वाळू अडकायला नको, गोचीड चावली तर पाच मिनिटांत सापडते. आणि समोरचा कारखान्याचा साहेब आहे की ट्रकवाला हे पत्ते खेळून होईपर्यंत कळत नाही, त्यामुळे साहेबालाही मनसोक्त हरवता येतं. "आणि धुणं?" असं म्हणून तो रोस्विताकडे हात करायचा. "विचारा हिला! अख्ख्या उन्हाळ्यात धुणं नाही!"

एक तोटा मात्र त्याने कधी सांगितला नव्हता. कपड्यातल्या माणसाला आजार लपवता येतो. गेल्या उन्हाळ्यात लोटार वाळत चालला तेव्हा त्याची बरगडी न् बरगडी चारचौघांत होती. सगळ्यांना दिसत होतं, आणि इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्याच्या डोळ्यांत बघून हवापाण्याचं बोलत राहिले. हार्टमुटसुद्धा. पत्ते वाटताना लोटारचा दंड अर्धा झालेला दिसायचा आणि हा म्हणायचा, "तुझी उतारी."

दुसरा तोटा रोस्विताला फेब्रुवारीत कळला. इतर बायकांना नवऱ्याचे सदरे असतात, रात्री उशीशी घ्यायला. हिच्याकडे काय? शेवटचा हिवाळा त्याने इस्पितळाच्या कपड्यांत काढला, आणि घरातले त्याचे सदरे-कोट तिने अंत्यविधीनंतर लगेच वाटून टाकले होते. त्यांना डांबरगोळ्यांचा वास यायचा, लोटारचा नाही. लोटारचा वास म्हणजे ऊन, तळ्याचं पाणी, पाइनचा चीक आणि थोडा घाम, आणि तो उरला होता एका टॉवेलात. ती तो पावाच्या पिशवीत गाठ मारून ठेवायची. त्या दिवशी कॉफी त्याच्यासोबत घ्यावी म्हणून तेवढ्यापुरता बाहेर काढला होता.

आणि त्यातला अर्धा तिचा नव्हताच. "मम्मा, मला अर्धा दे," असं मुलगी मारेन फोनवर म्हणाली होती, आणि रविवारी ती तेवढ्यासाठी लाइपझिगहून यायची होती.

रविवारी ती आली. रोस्विताने कात्री काढून ठेवली होती. मारेनने टॉवेल तोंडाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. हार्टमुट शेजारच्या कुंपणापाशी उगाचच बिनबिघडलेला नळ पिळत उभा होता.

"लिंबू," मारेन म्हणाली. हसायला गेली आणि ते हसू मध्येच फाटलं. "राहू दे मम्मा. कापू नकोस. पप्पा यात नाहीत."

"मारेन, मी..." हार्टमुट कुंपणावरून म्हणाला.

"माहितीये हार्टमुटकाका. तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

याहून तिने नळ काढून डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी रोस्विता कॅरॅव्हॅनमधून बाहेर आली ती कपडे घालून. लांब बाह्यांचा सदरा, वर लोकरीचं जाकीट, गळ्यापर्यंत बटणं. वसाहतीत हाहाकार उडाला. जिथे अंगावर काही नसलं तरी कुणी बघत नाही, तिथे माना वळायला लागल्या. मंगळवारी तेच जाकीट. बुधवारी तेच. ऑगस्टचं ऊन पाइनच्या शेंड्यांतून नुसतं ओतत होतं, आणि ही जाकिटात बसून कॉफी पितेय, समोर लोटारची रिकामी खुर्ची.

"धुतही नाही ते," हाइडरून म्हणाली. "इतकी टापटिपीची बाई. तूच जा आता. तूच घालवलंयस, तूच बोल."

हार्टमुट गेला. आपला टॉवेल गवतावर पसरून तिच्या पायाशी बसला. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ जाकिटाच्या गळ्यात उतरत होते आणि ती पुसत नव्हती.

"रोस्विता, मला चार शिव्या दे. हवं तर थोबाडीत मार. पण एवढ्या उन्हात हे लोकरीचं काय मांडलंयस? माझ्यावरचा राग माझ्यावर काढ गं, अंगावर का घालतेस?"

रोस्विताने सुटलेलं वरचं बटण परत लावलं.

"मी गेल्यावर पोरीला हुंगायला काही नको का?"