अकरा वाजताचा रकाना

अक्काच्या शोकसभेला आम्ही एकतीस जण होतो. पुढच्या रांगेत चौकशी समितीचे साहेब होते. उठून म्हणाले, "बाईंचं काम मोलाचं होतं." त्याच साहेबांनी ते काम दीड ओळीत निकालात काढलं होतं. त्याचा राग अजून आहे.

अक्का, माझी थोरली बहीण, बारामतीत प्राणिशास्त्र शिकवायची. पळसदेवला उजनी धरणाच्या फुगवट्यात मासे मरू लागले, तेव्हा समिती आठ दिवसांनी आली आणि बाटल्यांत पाणी भरून गेली. पाणी चांगलं निघालं. अक्का म्हणाली, "पाणी वाहून जातं रे. काय झालं ते माशाच्या मेंदूला विचारायचं." त्या मेंदूत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, चेतलेल्या नसेला शांत करणारं. कीटकनाशक अंगात गेलं की ते मंदावतं आणि पाणी निवळल्यावरही बरेच दिवस मंदच राहतं. पळसदेवचे मच्छीमार पांडुतात्या यांच्या जाळ्यातले जिवंत मासे ती कन्हेरीच्या स्वच्छ शेततळ्यातल्या माशांशी ताडून बघायची. नमुना तापला तर सगळं वाया, म्हणून बर्फाच्या डब्याचं तापमान दर पाव तासाला लिहायचं. ते काम माझं.

एकदा भिगवणच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. चाक बदलताना अकराची नोंद राहिली.

"आधी दोन अंश, नंतरही दोन. मधे दोनच असणार," मी म्हणालो.

"बघितलंस का?"

"नाही."

"मग लिहू नको."

मागं बसलेले तात्या हसले. "बाई, एवढं मासं मेलं तवा कुणी पुसलं न्हाय. एक आकडा कोण पुसतंय?"

तोच पुसला. पळसदेवच्या माशांत विकर कन्हेरीच्या निम्म्याहून कमी भरलं होतं. अक्काच्या अहवालावर समितीने लिहिलं, 'तापमानाची नोंद अपूर्ण, निष्कर्ष ग्राह्य नाहीत.' एकाही माशाला हात न लावलेल्या माणसांनी हे लिहिलं... अक्का त्यावर अर्ज करत राहिली, आणि गेली.

सभेनंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तेवढा रकाना भरून द्या. बाईंच्या नावानं फाइल पुन्हा उघडू."

मी तात्यांकडे पाहिलं. मासे अजून मरत होते; जाळं त्यांचं जवळजवळ रिकामं येत होतं, माझं नाही.

"भाऊ, तुमी बगितलं व्हतं का?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग नगा लिहू. मासं अजून हायती. परत धरू."

परवाच्या रविवारी धरले. तपासणी अक्काची विद्यार्थिनी करते आहे. येताना अक्काचा डबा माझ्या मांडीवर होता. अकराला गाडी थांबवायला लावली, तापमापक वाचला आणि तिच्याच वहीत नव्या पानावर लिहिलं: तीन.