डाव्या कोपऱ्याची हळद

गावात बोललं जायचं की उकंडराव माळ्याच्या मसणवटीत पाचव्या ओट्याखाली माणूस नाही, बैल पुरलेला आहे, आणि ते अख्खं घराणं आजवर बैलाच्या पाया पडत आलंय. बोलणारे हळूच बोलायचे, पण त्या घरच्या सुनेच्या, गोजरबाईच्या, कानावर जाईल इतपतच हळू.

धामणगाव बढ्याच्या बाजारापासून कोसभरावर आमचं गाव. इथे सगळ्यात आधी येऊन राहिला तो उकंडराव. मोगलाईत दुष्काळ पडला तेव्हा बायको, पोर आणि गाडी घेऊन निघाला, इथे पळसाचं रान तोडलं आणि मळा केला. त्या घरात जाळायची रीत नाही, माती द्यायची. मळ्याच्या वरच्या अंगाला हिवराच्या झाडाखाली त्यांचे पाच ओटे. आखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, चार ओट्यांपुढे पितरांची घागर भरायची, पुरणपोळी ठेवायची. पाचवा त्या दिवशी उपाशी. त्याचा मान पोळ्याच्या आदल्या दिवशी. गावभर बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळणं चालू असताना या घरची सून वाटी घेऊन मळ्यात जायची आणि ओट्याचा डावा कोपरा चोळून यायची. फक्त डावा. आता यावरून गाव दुसरं काय समजणार? जोडीतला डावा बैल. एवढी अक्कल आमच्या गावाला होती, आणि जास्त नव्हती.

ही वाटी गोजरबाईकडे आली सासूकडून, सुभद्राबाईकडून. वाटीबरोबर सासूने कानात काहीतरी सांगितलं आणि वर शपथ घातली की हे गोठ्याबाहेर जायचं नाही. गोजरबाईने ती पाळली. ज्या बाईच्या तोंडाला सगळा बाजार टरकायचा, तिने एवढीच एक गोष्ट गिळली, आणि ती तिला जन्मभर पचली नाही. बाजारात कोणी वांगं दाबून पाहिलं की ती विचारायची, पोरगी पाहाले आला का भाजी घ्याले? गिऱ्हाईक वांगी घेऊन पळायचं. पण पोळा जवळ आला की गिऱ्हाइकांना कंठ फुटायचा. आजोबाले कुटार टाकलं का, गोजरबाई? तुमच्या घरी पितराच्या जेवणाले कावळा येते का वासरू? तिचे कान लाल व्हायचे, आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाची वांगी तोलायला घ्यायची. नवरा इंद्रभान असेपर्यंत लोक जरा दबून होते. तो गेल्यावर तीही भीड गेली.

राज्य नवं झालं होतं, मोटा सुटून विहिरींवर इंजिनं बसत होती. गोजरबाईचा पुतण्या उत्तमराव, घरात आता त्याचा शब्द. त्याने इंजिन आणलं आणि वरच्या नव्या वावराला पाणी न्यायला सरळ दांड आखला. दांडाच्या बरोबर वाटेत पाचवा ओटा. चौघांपैकी एखादा आडवा असता तर उत्तमरावाने दांडाला दहा वळणं दिली असती. पण बैलाचा ओटा फोडायला पाप कसलं? बैलाची गोष्ट हॉटेलात बसून त्यानेच चहाबरोबर सगळ्यांना पाजली. पणतूच सांगतोय म्हटल्यावर गावाने ती छापून आल्यासारखी मानली.

ओटा फोडायला त्याने दिवस कोणता काढावा? खांदशेकणीचा, म्हणजे पोळ्याच्या आदला. गडी निवृत्ती सब्बल घेऊन उभा, मजा पाहायला अर्धं गाव. तेवढ्यात गोजरबाई वाटी घेऊन आली.

"काकू, एका बैलासाठी पाणी अडवतं का तू?" उत्तमराव म्हणाला. "हळदच चोळाची तं आपले जिते बैल हायेत ना गोठ्यात."

लोक हसले. गोजरबाईने वाटी ओट्यावर ठेवली आणि आल्या पावली परत निघाली. हरली, असं सगळ्यांना वाटलं. काहींना तर वाईटही वाटलं, कारण तमाशा लवकर आटोपला.

ती परत आली तेव्हा गोठ्याच्या आढ्यावरचं जुनं जू तिच्या खांद्यावर होतं. बाईने जू ओलांडलं तरी पाऊस रुसतो असं मानणारं हे गाव. बायका मागे सरकल्या, एका म्हाताऱ्याने कानाला हात लावला. गोजरबाईने जू उत्तमरावाच्या पायापाशी आपटलं. जुवाची उजवी बाजू नुसतं लाकूड. डाव्या बाजूला चिंध्या गुंडाळलेल्या, काळ्या पडलेल्या, पण लुगड्याचा काठ अजून ओळखू येत होता.

"ह्या चिंध्या कोन्या बैलाले लागतात रे?"

उत्तमरावाने वाकून लुगड्याच्या काठाला बोट लावलं.

"चार ओट्यात तुह्या पंजाचा, उकंडरावाचा हाय, आज्याचा हाय, माह्या सासूचा हाय, माह्या मानसाचा हाय," ती म्हणाली. "तुह्या पंजीचा कोनता, ते सांग. मंग फोड."

एवढी वर्षं घागरी भरल्या, पोळ्या खाल्ल्या, आणि उकंडरावाची बायको कुठे आहे हे एकाही मायच्या लालाने विचारलं नव्हतं. घरच्यांनी नाही, हॉटेलातल्या विद्वानांनी तर नाहीच. निवृत्तीने सब्बल खाली ठेवली. उत्तमरावाने दांडाची दोरी सोडवली आणि हिवराला वळसा देऊन पुन्हा बांधायला घेतली. गोजरबाईने वाटी उचलली आणि त्या सगळ्यांच्या देखत, दात आवळून, डावा कोपरा चोळला.

त्या ओट्याखाली बैल नव्हता. उकंडरावाची बायको रुखमाबाई होती. जोडीतला डावा बैल वाटेत मेला, म्हणून या मळ्याची पहिली नांगरट तिने त्याच्या जागी खांदा देऊन केली, आणि बाईने जू ओढलं याची लाज वाटून घरच्यांनी तिला बैल होऊ दिलं.